दाबमापकाचा पडदा

डिझेल इंजिनाचा इतिहास सांगताना रुडॉल्फ डीझेलच्या १८९२ च्या पेटंटपासून आरंभ करावा, आउग्सबुर्गच्या कारखान्यातील प्रयोगांचे वर्णन करावे, रॉबर्ट बॉश यांच्या इंधनपंपाचे महत्त्व सांगावे आणि मग आगबोटी, आगगाड्या व मालमोटारी यांच्याकडे वळावे, अशी एक रीत पडून गेली आहे. आणि ती योग्यही आहे. परंतु या रीतीने लिहिलेल्या इतिहासात काही लहान वस्तूंचा उल्लेख राहून जातो, आणि त्या वस्तूंकडे निराळे लक्ष दिले तर यंत्रविद्येतील एक फार जुना पेच त्यांच्यात स्पष्टपणे आढळतो. मालमोटारीच्या इंधनवाहिनीवर बसवलेली, मुठीत मावेल एवढी, पितळेची किंवा ॲल्युमिनियमची एक डबी ही अशांपैकीच एक होय. कारागीर तिला आयसोलेटर म्हणतात. डबीत दोन कप्पे असतात आणि दोहोंमध्ये रबराचा पातळ पडदा ताणलेला असतो. एका कप्प्यात इंजिनाकडे जाणारे डिझेल येते, तर दुसऱ्या कप्प्यात, आणि तेथून चालकासमोरच्या दाबमापकापर्यंत गेलेल्या बारीक नळीत, पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, म्हणजे रेडिएटरमध्ये घालतात तेच कूलंट, काठोकाठ भरलेले असते. डिझेलचा दाब पडद्यावर पडतो, पडदा तो कूलंटच्या स्वाधीन करतो, कूलंट तो काट्यापर्यंत पोहोचवते; डिझेल मात्र केबिनच्या उंबरठ्याबाहेरच राहते.

ही डबी गळू लागली म्हणजे काय होते, आणि गळतीचे मूळ कसे शोधावे, हा वरवर पाहता केवळ गॅरेजमधला प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर नीट समजावयाचे असेल तर ही डबी निर्माण का झाली हे आधी समजले पाहिजे, आणि त्याकरिता डिझेलच्याही मागे, वाफेच्या काळापर्यंत जावे लागते.

वाफेच्या अंमलाच्या आरंभी दाब मोजण्याचे विश्वसनीय साधन म्हणजे पाऱ्याची नळी. टोरिचेल्लीने १६४३ मध्ये हवेचा दाब पाऱ्याच्या स्तंभाने दाखवून दिला, आणि पुढे बॉयलरमधील वाफेचा दाबही त्याच तत्त्वावर मोजण्यात येऊ लागला. परंतु वातावरणाच्या एका दाबाला सुमारे ७६० मिलिमीटर पारा लागतो. म्हणजे पाच वातावरणांच्या दाबाला जवळजवळ पावणेचार मीटर उंचीचा स्तंभ उभारणे प्राप्त होते. गिरणीच्या भिंतीला टेकवून अशी नळी उभी करता येई. धावत्या आगगाडीच्या इंजिनावर ती नेणे सर्वथा अशक्य होते. वाफेचा दाब वाढत चालला, इंजिने हलती झाली, बॉयलर फुटून माणसे दगावण्याचे प्रसंग युरोप-अमेरिकेत वारंवार घडू लागले. आणि तरीही ज्या दाबावर सर्व अवलंबून होते तो दाब डोळ्यांना दाखवील असे आटोपशीर साधन मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाती आलेले नव्हते.

ते १८४९ मध्ये आले, आणि योगायोग असा की एकाच वर्षी दोन निरनिराळ्या देशांत दोन निरनिराळ्या मार्गांनी आले. पॅरिसचे यंत्रकार युजेन बूर्दोन यांच्या कारखान्यात एक नागमोडी नळी तयार करताना चुकून चपटी झाली. ती पूर्ववत् गोल व्हावी म्हणून तिचे एक टोक बंद करून दुसऱ्या टोकातून पंपाने पाणी दाबण्यात आले, तेव्हा नळी फुगता फुगता आपली वेटोळी उलगडू लागली, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. चपट्या आणि वाकवलेल्या नळीत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते, आणि तिच्या मोकळ्या टोकाची ही हालचाल दाबाच्या प्रमाणात असते, एवढे एकच निरीक्षण बूर्दोनने पकडले व त्यातून आजही जगभर वापरात असलेला दाबमापक सिद्ध झाला. त्याच वर्षी प्रशियात, माग्देबुर्ग येथील बर्नहार्ड शेफर यांनी दुसरी युक्ती योजली: दोन तबकांच्या मध्ये वर्तुळाकार लाटा पाडलेला पोलादी पत्रा आवळून धरावयाचा, त्याच्या एका बाजूस दाब द्यावयाचा आणि पत्र्याला आलेला फुगवटा बारीक दांडीने काट्याकडे न्यावयाचा. बूर्दोनची नळी आणि शेफरचा पडदा या दोन कल्पनांचे पुढे कसे गूळपीठ जमले, हाच खरे म्हटले तर या लेखाचा विषय आहे. कारण आज आपण ज्या डबीचा विचार करीत आहोत तिच्यात पडदाही आहे, आणि तिच्यापुढच्या मापकात नळीही आहे.

बूर्दोनच्या मापकाचा प्रसार अतिशय त्वरेने झाला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याचा गौरव झाला, आणि १८५२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एडवर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी अमेरिकेसाठी त्याचे हक्क घेतले. परंतु मापक बॉयलरला जोडताच एक अडचण उद्भवली, आणि ती अडचण मला फार महत्त्वाची वाटते. तप्त वाफ नळीत थेट शिरली तर पितळेच्या लवचीकपणात फरक पडतो, डाखाचे सांधे सैल होतात, आणि जे साधन दाबाची खबर द्यावयाचे तेच दाबाच्या वाहकामुळे बिघडते. यावर योजलेला उपाय इतका साधा आहे की त्याला कोणी शोध म्हणावयासही धजणार नाही. बॉयलर आणि मापक यांच्यामधील नळीला एक पूर्ण वेढा दिला. त्या वेढ्यात वाफ निवून पाणी साचते, आणि ते पाणी तेथेच राहते. मग वाफ पाण्याला ढकलते, पाणी मापकाला ढकलते, आणि मापकाला फक्त कोमट पाण्याचा स्पर्श होतो. याला सायफन म्हणतात. आयसोलेटरचा पूर्वज हाच: ज्याचा दाब मोजावयाचा तो पदार्थ एका बाजूला, मापक दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंमध्ये कोणालाही अपाय न करणारा एक तटस्थ द्रव.

मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत मुंबईच्या गिरण्यांची धुराडी एकामागून एक उभी राहिली. या सर्व ठिकाणच्या बॉयलरांवर हा वेढा घेतलेला सायफन आला, आणि बॉयलर-अटेंडंटांच्या पिढ्यांनी त्याची निगा राखली. नव्या बॉयलरला प्रथम वाफ देण्यापूर्वी सायफनमध्ये पाणी ओतून ठेवावयाचे, नाहीतर पहिल्या वाफेनेच मापक खराब होतो, हा धडा त्या धंद्यात शिरणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात मिळत असे. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याखाली पुढे जे नियम झाले त्यांनी दाबमापकाच्या तबकडीवर कमाल दाबाची तांबडी खूण सक्तीची केली, आणि त्याबरोबरच बॉयलरवर एक निराळी तोटीही सक्तीची केली, जिला निरीक्षक आपला स्वतःचा मापक जोडू शकेल. या दुसऱ्या तरतुदीत मोठे शहाणपण आहे. कारखान्याचा मापक खरे सांगतो की नाही हे त्या मापकालाच विचारून उपयोग नाही; साक्ष तपासावयाची तर दुसरा साक्षीदार पाहिजे. डिझेलच्या ट्रकमध्ये आयसोलेटरची शंका आली असता चांगला मेकॅनिक आजही नेमके हेच करतो.

आता डिझेलकडे वळू. डीझेलचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये प्राध्यापक मॉरित्स श्रोटर यांनी तपासले, तेव्हा ते सुमारे वीस अश्वशक्तीचे होते आणि इंधनातील उष्णतेच्या २६ टक्क्यांहून थोडा अधिक भाग कामात आणीत होते. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने ही कार्यक्षमता अपूर्व होती. परंतु त्यात इंधन सिलिंडरमध्ये फवारले जाई ते अतिशय दाबलेल्या हवेच्या जोरावर, आणि ती हवा पुरवण्यास अनेक टप्प्यांचा जड कॉम्प्रेसर लागे. हे लटांबर कारखान्यात किंवा जहाजात चालून जाई; मालमोटारीत नव्हे. प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये इंधन आधी एका लहान पूर्वकक्षात फवारण्याची कल्पना मांडली, १९२३–२४ च्या सुमारास बेन्झ आणि एम.ए.एन. यांनी डिझेलवर चालणाऱ्या मालमोटारी रस्त्यावर आणल्या, आणि १९२७ मध्ये बॉशच्या स्टुटगार्टच्या कारखान्यातून इंधनपंपांचे नियमित उत्पादन सुरू झाले. हवेचा कॉम्प्रेसर गेला, त्याच्या जागी तेल दाबणारा अचूक पंप आला, आणि डिझेलची मोटार शक्य झाली.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. डिझेल इंजिनाच्या इंधनमार्गात दोन निराळे दाब नांदतात. मोठा पंप नोझलकडे ज्या दाबाने इंधन धाडतो तो शेकडो वातावरणांचा. तो मोजण्याचे काम पंप-नोझलच्या कारागिराच्या चाचणी-मेजावर होते, चालकाला त्याचे दर्शन घडत नाही. दुसरा दाब अगदी सौम्य: टाकीतून डिझेल ओढून, फिल्टरमधून ढकलून, मोठ्या पंपाच्या तोंडाशी नेऊन देणाऱ्या छोट्या पंपाचा, ज्याला फीड पंप किंवा लिफ्ट पंप म्हणतात. हा दाब चौरस इंचास दहापंधरा पौंडांच्या घरात असतो, परंतु इंजिनाच्या प्रकृतीची नाडी त्यात सापडते. फिल्टर तुंबला, टाकीतील जाळी कचऱ्याने भरली, नळीत हवा शिरली, लिफ्ट पंप थकला, की सर्वांत आधी हाच दाब उतरतो. आणि गाडी चढावर ओढत नाही अशी तक्रार येण्यापूर्वी कित्येक दिवस तो उतरू लागलेला असतो.

अमेरिकेत या दाबाला विशेष महत्त्व आले ते क्लेसी कमिन्स यांच्या इंजिनांमुळे. इंडियाना संस्थानातील कोलंबस या लहान गावी, ज्या बँकर कुटुंबाकडे ते मोटारचालक व मेकॅनिक म्हणून नोकरीस होते त्या अर्विन कुटुंबाच्या भांडवलावर, १९१९ मध्ये त्यांनी कारखाना उघडला. १९३० च्या जानेवारीत पॅकार्ड मोटारीत आपले डिझेल इंजिन बसवून ते इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनास गेले, आणि त्या सगळ्या प्रवासाला १ डॉलर ३८ सेंट एवढेच इंधन लागले. पुढे १९५४ मध्ये त्यांच्या कंपनीने जी इंधनयोजना बाजारात आणली ती तत्त्वतः निराळी होती: एक पंप सर्व इंजेक्टरांना एकाच मार्गाने, मर्यादित दाबाने इंधन पुरवतो, आणि प्रत्येक इंजेक्टरमध्ये किती इंधन शिरावयाचे ते त्या मार्गातील दाब आणि इंजेक्टरचे छिद्र उघडे राहण्याचा काळ या दोहोंवर ठरते. या योजनेत मार्गातील दाब ही इंजिनाची केवळ प्रकृती राहिली नाही, ती त्याची आज्ञाच झाली. दाब किती, हे समजले की इंजिन किती इंधन घेत आहे हेही समजते. म्हणून कमिन्सच्या इंजिनावर काम करणारा मेकॅनिक पंपाला दाबमापक लावल्याशिवाय निदान करीत नसे. पुण्याच्या कोथरुड भागात १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली, आणि ही विद्या महाराष्ट्रात आली. जेथे आधी खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये शेतीच्या पंपांची इंजिने घडत होती, तेथे आता दाबाच्या काट्यावरून मोठ्या इंजिनाचे इंधन ताडणारे कारागीर तयार होऊ लागले.

परंतु कारखान्यात मेकॅनिकने घटकाभर लावलेला मापक आणि चालकासमोर कायमचा बसवलेला मापक यांत मोठे अंतर आहे, आणि येथेच जुना पेच नव्या रूपाने उभा राहतो. बूर्दोनच्या मापकाला द्रव हवा. तो द्रव डिझेल असेल तर डिझेलने भरलेली, दाबाखाली असलेली बारीक नळी चालकाच्या गुडघ्यांजवळून, तापलेल्या तारांच्या आणि फ्यूजांच्या शेजारून जाणार. डिझेल पेट्रोलइतके ज्वालाग्राही नाही हे खरे. पेट्रोलची वाफ गोठणबिंदूच्या कितीतरी खालीही पेट घेते, तर अमेरिकेतील सामान्य डिझेलला सुमारे ५२ अंश सेल्सियसपर्यंत तापावे लागते. परंतु नळीला सुईएवढे छिद्र पडून डिझेलचे धुके उडू लागले म्हणजे हा हिशेब पालटतो, कारण धुक्याच्या रूपातील तेल मोठ्या सहजतेने पेटते. शिवाय आग लागली नाही तरी केबिनमध्ये रात्रंदिवस डिझेलचा वास, गाद्यांत मुरलेले तेल आणि डोकेदुखी हे आलेच. विमानविद्येने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. ज्वालाग्राही द्रव वाहणाऱ्या मापक-नळीच्या उगमाशीच बारीक छिद्राचा अडसर असावा, म्हणजे नळी फुटली तरी फार इंधन सांडणार नाही, असा दंडक अमेरिकन विमानांच्या नियमांत आहे. शर्यतीच्या मोटारी चालवणाऱ्यांनी तर मापकच केबिनबाहेर, काचेपुढे बॉनेटवर बसवण्याची रीत पाडली. मालमोटारीवाल्यांना यांतले पहिले अपुरे आणि दुसरे गैरसोयीचे वाटले, आणि त्यांनी शेफरचा पडदा व सायफनचा तटस्थ द्रव यांची सांगड घालणारी डबी स्वीकारली.

या डबीचा सर्वाधिक प्रसार ज्या निमित्ताने झाला ते अगदी अलीकडचे आहे. १९८९ पासून डॉज कंपनीच्या मोठ्या पिकअप गाड्यांत कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन मिळू लागले, आणि शेतकरी, गुरे वाहणारे, घोड्यांच्या ट्रेलरवाले, स्वतःच्या मालकीची गाडी चालवणारे छोटे वाहतूकदार अशा लोकांत त्याला फार मान मिळाला. १९९८ च्या मध्यास या इंजिनाला चोवीस व्हॉल्व्ह आले आणि त्याबरोबर बॉशचा व्हीपी-४४ हा विद्युन्नियंत्रित पंप आला. या पंपाचे वंगण आणि शीतकरण दोन्ही त्यातून वाहणाऱ्या डिझेलवरच अवलंबून होती. त्याला डिझेलचा पुरवठा करी तो इंजिनाच्या अंगावर बसवलेला एक छोटा विजेचा लिफ्ट पंप. लिफ्ट पंप अशक्त झाला की मोठा पंप उपाशी राही, उपाशी पंप तापे, आणि काही काळाने पार निकामी होई. नवा पंप घेणे म्हणजे मालकाच्या मिळकतीला हात घालणे होते. आणि या गाड्यांत कारखान्याने इंधनदाबाचा मापक दिलेला नव्हता. तेव्हा मालकांनीच तो बसवावयास प्रारंभ केला. इंजिन रिकामे फिरताना दहा पौंडांखाली आणि चढावर पूर्ण भार घेताना पाचाखाली काटा जाऊ देऊ नये, असा एक अलिखित संकेत त्यांच्यात रूढ झाला. २००२ पर्यंत व्हीपी-४४ पंप चालला, आणि त्या चार-पाच वर्षांत निघालेल्या गाड्या पुढे दीर्घकाळ धावत राहिल्यामुळे मापकाची आणि आयसोलेटरची ही प्रथा टिकून राहिली. यंत्रावर ज्याचे पोट आहे त्याने आपल्या यंत्राची नाडी आपल्या हाताने पाहण्याचा हक्क मिळवावा, याचे मला नितांत कौतुक वाटते; तज्ज्ञांच्या दप्तरातून न आलेली, रस्त्यावरच्या माणसांनी आपापसांत सिद्ध केलेली ही विद्या आहे.

त्या विद्येचा गाभा म्हणजे गळतीचे निदान.

व्हीपी-४४ पंपाचा एक स्वभाव असा की तो मागे, पुरवठ्याच्या नळीत, दाबाचे तीक्ष्ण धक्के पाठवतो. काटा थरथरतो, पडदा सेकंदाला अनेकदा हिसके खातो, आणि काही महिन्यांत एक तर मापकातील दंतचक्रे झिजतात किंवा पडदा थकतो. म्हणून अनुभवी माणसे आयसोलेटरच्या अलीकडे एक सुईचा व्हॉल्व्ह बसवतात, आणि तो पूर्ण बंद करून मग काटा हलू लागेल इतपतच, अगदी केसभर, उघडतात. ज्यांनी हा व्हॉल्व्ह वगळला त्यांच्या डब्या लवकर गळल्या.

गळती तीन ठिकाणी होते, आणि प्रत्येकीची लक्षणे भिन्न असतात. डिझेलच्या बाजूचा सांधा गळला तर ते निदान सोपे: बाहेरून ओल दिसते, धूळ चिकटून काळा लेप बसतो, आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत इंधन टाकीकडे उतरून नळीत हवा धरते, म्हणून सकाळी सुरू होताना इंजिन कुरकुर करते. चुडीवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिले दोन आटे मोकळे सोडावेत, नाहीतर टेपचा धागा तुटून पंपात जातो, ही खबरदारी या बाजूची.

कूलंटच्या बाजूची गळती अधिक फसवी. मापकाशी असलेल्या फेरूलमधून, किंवा केबिनच्या पत्र्यातून जाताना घासलेल्या नळीतून, थेंब थेंब द्रव निघून जातो. द्रव कमी झाला की पडदा त्याच्या मागोमाग सरकत जातो आणि शेवटी डबीच्या दुसऱ्या भिंतीला टेकतो. टेकल्यावर दाबाचा भार भिंत घेते, आणि पुढे काहीच पोहोचत नाही. लक्षण असे की काटा एका ठरावीक आकड्यापर्यंत व्यवस्थित चढतो आणि तेथेच अडतो. गळती वाढत गेली की तो आकडा दिवसेंदिवस खाली येतो. मालकाला वाटते लिफ्ट पंप मरत आला, तो नवा पंप आणून बसवतो, आणि काटा जेथे होता तेथेच राहतो. नळीत हवा राहिली असतानाही असेच घडते, कारण हवा दाबली जाते आणि पडद्याची सारी चाल ती हवा दाबण्यातच खर्ची पडते. म्हणून ही डबी भरताना ती उभी धरून, पडदा डिझेलच्या बाजूस पूर्ण सरकवून, सिरिंजने सावकाश कूलंट घालतात, नळी बोटाने टिचकत बुडबुडे वर आणतात, आणि मापकाचा नट द्रव ओघळत असतानाच आवळतात. उलट फार ठासून भरले, किंवा थंडीत भरलेली डबी इंजिनाच्या उष्णतेत आली, तर बंदिस्त द्रव प्रसरण पावतो आणि इंजिन बंद असतानाही काटा एकदोन पौंड दाखवतो. तसेच मापक डबीहून हात-दीड हात उंचावर असेल तर कूलंटच्या स्तंभाच्या वजनाने वाचन सुमारे एक पौंडाने कमी येते. पन्नास पौंडांच्या मापकावर हे कोणाच्या ध्यानात येणार नाही, पंधरा पौंडांच्या मापकावर मात्र ते येते.

तिसरी गळती पडद्याचीच, आणि हिच्याविषयी सांगावयाचे आहे ते मुख्य. पडदा फाटला की डिझेल कूलंटच्या नळीत शिरते आणि सरळ मापकापर्यंत जाते. परंतु दाबाचे वहन त्यामुळे बिघडत नाही, द्रवाच्या जागी द्रवच असल्यामुळे काटा पूर्वीप्रमाणेच अचूक आकडा दाखवत राहतो. म्हणजे ज्या गळतीने वाचन खोटे ठरते ती माणसाला निरुपद्रवी आहे, आणि ज्या गळतीने इंधन केबिनमध्ये येते तिचा काट्यावर मागमूसही उमटत नाही. काट्यावर विसंबणाऱ्याला हा धोका कधीच कळणार नाही. तो कळतो नळीतील रंगावरून. हिरवे किंवा तांबडे कूलंट फिकट पिवळट दिसू लागले, त्यात तेलाचे गोळे तरंगू लागले, मापकाच्या मागे बोट फिरवले असता बोटाला डिझेलचा वास आला, की पडदा गेला हे निश्चित. त्यासाठीच जाणती माणसे तांब्याची नव्हे, पारदर्शक नायलॉनची नळी निवडतात. इंजिन बंद असताना हेच कूलंट उलट दिशेने डिझेलमध्येही उतरू शकते, आणि त्यातील पाण्याचा अंश पंपाच्या घासून बसवलेल्या भागांना मुळीच मानवत नाही.

वाचनाविषयीच्या शंकेचे निरसन शेवटी दुसऱ्या साक्षीदारानेच होते. डबी काढून तिच्याच जागी इंजिनाखोलीत एक मापक थेट जोडावा, इंजिन सुरू करून केबिनबाहेर उभे राहून तो वाचावा, आणि आधीच्या वाचनाशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले तर दोष इंधनपुरवठ्यात, न जुळले तर दोष डबीत किंवा तिच्यापुढच्या नळी-मापकात. बॉयलर-निरीक्षकाच्या तोटीचे तत्त्व ते हेच.

पडदे फाटण्यास केवळ धक्के कारण नव्हते. अमेरिकेत १९९३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरच्या डिझेलमधील गंधकाची मर्यादा ५०० पीपीएमवर आणली गेली आणि २००६ पासून ती १५ पीपीएमवर आली. गंधक काढून टाकणाऱ्या प्रक्रियेत इंधनातील सुगंधी हायड्रोकार्बनेही घटतात; आणि नायट्राइल रबर तीच हायड्रोकार्बने शोषून फुगलेले असते. नवे इंधन आले की रबर ती परत सोडते आणि आकसते. नवे रबर हे सोसते. परंतु वर्षानुवर्षे उष्णतेत कडक झालेले रबर आकसले की सांधा सोडते, किंवा त्याला चिरा पडतात. १९९३ च्या बदलानंतर इंधनपंपांचे ओ-रिंग गळू लागल्याच्या तक्रारी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर आल्या, आणि फ्लोरीन असलेल्या, व्हिटॉनसारख्या रबरांकडे उत्पादक वळले. आपल्याकडे २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे, १० पीपीएम गंधकाचे डिझेल सर्वत्र आले आहे. तेव्हा जुन्या गाडीच्या इंधनमार्गातील रबराकडे नव्या इंधनाच्या दृष्टीने पाहणे येथल्या मेकॅनिकलाही अगत्याचे आहे.

पुढे डबीचे काम विजेने हलके केले. दाबाचा सेन्सर इंजिनावरच बसवून केबिनमध्ये केवळ तार न्यावयाची, ही सोय झाल्यावर द्रवाने भरलेल्या नळीचे प्रयोजन उरले नाही. फक्त सेन्सरलाही पंपाचे धक्के सोसत नाहीत, म्हणून त्याच्या अलीकडे तोच सुईचा व्हॉल्व्ह किंवा रबरी नळीचा लांब तुकडा द्यावा लागला. २००३ च्या गाड्यांपासून डॉजच्या त्या पिकअपमध्ये कॉमन रेल पद्धती आली, आणि तिच्या समाईक नळीत १,६०० बारपर्यंतचा दाब, कोणत्याही डबीला आणि कोणत्याही कूलंटला न पेलणारा, इंजिनाच्या संगणकाला क्षणोक्षणी कळू लागला. तो दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या पोटात पोलादाचा एक जाड पडदा असतो, त्याच्या पाठीवर विजेचा रोध मोजणाऱ्या सूक्ष्म पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि दाबाने पडद्याला आलेला बाक त्या पट्ट्यांवरून वाचला जातो. बूर्दोनची नळी त्या जागेवरून नाहीशी झाली आहे. शेफरचा पत्रा मात्र, लाटा पुसून, अजून तेथे काम करीत आहे.